शेऱ्याचा रकाना

विक्री कार्यालयात वीस-पंचवीस खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि एकीवरही माणूस नव्हता. मधोमध काचेच्या पेटीत इमारतीची छोटी प्रतिकृती, तिच्याभोवती स्पंजची झाडं आणि काड्यापेटीएवढ्या मोटारी. टेबलामागची मुलगी नखांना रंग लावत बसली होती. आम्हाला बघून तिने बाटलीचं झाकण लावलं, पण घाईने नाही.

"या नाना. आज सोमवार का?"

"सोमवारच." धामणे नानांनी काखेतली फाइल टेबलावर ठेवली. "या पुण्याच्या मॅडम. आमच्या कंपनीतल्या. आपलं काम कसं चालतं ते बघायला आल्यात."

हे मी नानांना सांगितलेलं कारण होतं. खरं कारण वेगळं होतं आणि ते नानांना कळू द्यायचं नाही, असं मला बजावून पाठवलं होतं.

"मागच्या आठवड्यात किती?" नानांनी पेन उघडलं.

"शून्य."

"त्याच्या आधी?" मी मध्येच विचारलं.

"शून्यच, ताई. सध्या कोण येतंय?" ती मुलगी हसली. "गणपती बसू द्या, मग बघा. तुम्हाला बसायला खुर्ची मिळायची नाही."

नानाही हसले. दोघांचं आपसात काहीतरी ठरलेलं असावं तसं ते हसू होतं आणि मला ते मुळीच आवडलं नाही. ऑगस्टच्या एका आठवड्यात ज्या ऑफिसने एक्केचाळीस घरं विकली, तिथे सप्टेंबरात कुत्रंही फिरकत नाही, आणि यांना त्याचं हसू येतंय. मी मनातल्या मनात अहवालाचं पहिलं वाक्य लिहून टाकलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि आपल्याला कोणी फसवू शकत नाही अशी माझी पक्की समजूत होती. देशात घरं किती विकली जातात हे मोजणारी आमची कंपनी. दर तीन महिन्यांनी अहवाल निघायचा, बँका आणि बिल्डर तो विकत घ्यायचे, वर्तमानपत्रं त्यातले दोन आकडे उचलून मथळा करायची. मोठ्या शहरांत आमची कार्यालयं होती. नाशिक, कोल्हापूर अशा गावांत एकेक फिरता प्रतिनिधी असे. तो बांधकामांवर जायचा, किती घरांचं टोकन दिलं गेलं ते विचारायचा आणि तीन महिन्यांचा एक आकडा पाठवायचा.

नाशिकचे धामणे नाना मात्र दर आठवड्याला पाठवायचे. टपालखात्यातून निवृत्त झालेला माणूस. सोमवारी चोवीस बांधकामं पायी नाहीतर सायकलवर फिरायची आणि संध्याकाळच्या आत तक्ता टपालपेटीत टाकायचा. तारीख, इमारत, विकली, रद्द झाली आणि शेवटी शेरा, असे पाच रकाने. शेऱ्याचा रकाना कायम कोरा असायचा. असा उत्साह कोणी मागितलेला नव्हता, आणि तोच त्यांना भोवला.

"हे बघ," असं म्हणून आमच्या पुण्याच्या केळुसकर साहेबांनी माझ्यापुढे नानांचे तक्ते टाकले होते. "कर्जाचे दर चढलेत. मुंबई पडली, बंगळूर पडलं, दिल्लीकडे तर विचारूच नकोस. सगळ्या देशात विक्री घसरलीय आणि या बाबाच्या नाशकात ऑगस्टमध्ये दुप्पट! आणि मग? शून्य, शून्य, शून्य." त्यांनी पेन्सिलीने कागदावर एक डोंगर काढला आणि त्याच्या पायथ्याशी एक सपाट रेघ ओढली. "खरा बाजार असा चालतो का? घरी बसून आकडे भरलेत. आधी जास्त भरले, मग कंटाळा आला."

"काहीतरी कारण असेल, सर."

"मग लिहायचं की! शेऱ्याचा रकाना कशाला दिलाय? एवढी वाढ झाली आणि माणूस एक शब्द लिहीत नाही. कारणच नसेल तर लिहिणार काय?" ते पुढे वाकले. "जाऊन ये. पण त्याला थेट काही विचारू नकोस, सावध होईल. आणि हे नीट पार पाडलंस, तर नाशिक-खानदेश तुझ्याकडेच देणार आहे."

संशय एकदा डोक्यात शिरला की त्याला खायला कमी पडत नाही. शिवाय त्या संशयाच्या टोकाला मला बढती दिसत होती. तेव्हा मी नाशिकच्या गाडीत बसले ती नानांना पकडायलाच. सिन्नरच्या आसपास आईचा फोन आला होता.

"अगं, रविवारचं नक्की सांग. पहिलाच आहे तुमचा. जावयाला वाण द्यायचंय, अनारशांचं पीठ भिजवून बसलेय मी."

"या रविवारी नाही गं जमायचं. पुढच्या रविवारी येतो."

"पुढचा शेवटचाच आहे हं. नंतर मला ऐकून घ्यायचं नाही."

"हो गं आई, कामात आहे मी," म्हणत मी फोन ठेवला होता.

आता त्या रिकाम्या कार्यालयात नाना पाणी प्यायला उठले, तशी मी टोकनची वही पुढे ओढली. ऑगस्टची पानं गच्च भरलेली. चौदा तारखेला नऊ, पंधराला तेरा, सोळाला अकरा. सगळं एकाच अक्षरात, एकाच शाईत. त्याच्यापुढचं पान कोरं करकरीत. मी दोन खरेदीदारांचे नंबर टिपून घेतले आणि बाहेर जाऊन लावले. एक उचलला गेला नाही. दुसऱ्याने "घर घेतलंय हो, तुम्ही कुठल्या बँकेच्या?" असं विचारून, मी उत्तर देण्याच्या आत ठेवून दिला. मला दोन्ही गोष्टी संशयास्पद वाटल्या. खरं तर त्या दिवशी कोणी मला वेळ विचारली असती तरी ती संशयास्पद वाटली असती.

दुपारपर्यंत आम्ही डझनभर बांधकामं पालथी घातली. सगळीकडे तेच. रिकाम्या खुर्च्या, "या नाना", चहा, आणि शून्य. नाना प्रत्येक शून्य अगदी निगुतीने काढत होते, आणि शेजारचा शेऱ्याचा रकाना रिकामा सोडत होते.

"नाना, इथे नेहमी काहीच लिहीत नाही का तुम्ही?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"काय लिहायचं, मॅडम? जे आहे ते आकड्यात आलंच की." त्यांनी फाइल बंद केली. "चला, घरी जेवायला. आज जावई आलेत. धोंडे केलेत बायकोने."

मी नको म्हणणार होते, पण मला त्यांचं घर बघायचं होतं. बिल्डरकडून काही मिळत असेल तर ते घरात दिसेल, असा माझा हिशेब.

सिडकोतलं दोन खोल्यांचं घर. भिंतीवर टपालखात्याने निरोप देताना दिलेलं घड्याळ. फ्रिज मात्र नवा होता, दारावरचं स्टिकरसुद्धा काढलेलं नव्हतं. मी नोंद केली. मधल्या खोलीत पाटाभोवती रांगोळी होती आणि पाटावर एक तरुण माणूस अवघडून बसला होता.

"हे आमचे जयवंतराव," नाना म्हणाले. "जयवंतराव नवले."

मी चमकले. सकाळी बघितलेल्या वहीत पंधरा ऑगस्टच्या पानावर हेच नाव होतं.

"वनश्रीत घर घेतलंय यांनी, मागच्याच महिन्यात," नानांनी स्वतःहूनच सांगितलं. "आज सकाळी आपण पहिल्यांदा गेलो ना, तिथेच."

"नानांनीच मागे लकडा लावला," जयवंतराव हसून म्हणाले. "मला अजून दोन ठिकाणं बघायची होती. तर म्हणे, आत्ताच उरकून टाका, नंतर महिनाभर बसून राहाल."

"मग? खोटं सांगितलं का?" नाना म्हणाले, आणि घरातले सगळे हसले.

मीही हसले. आतून मात्र मला धक्का बसला होता, आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला होता. आकडा फुगवायला या माणसाने स्वतःच्या जावयालाही जुंपलं, आणि वर ते माझ्या तोंडावर सांगतोय. इतका निर्ढावलेला माणूस मी पाहिला नव्हता.

काकूंनी जावयाला ओवाळलं, हातात तांब्याचा दिवा आणि अनारशांचं ताट दिलं. मग माझ्या पानात दोन धोंडे वाढले. पुरण भरलेले, वरून तुपाची धार.

"तुमच्या आईकडचं झालं का हो हे?" त्यांनी विचारलं. "बांगड्यांवरून नव्या दिसता. पहिलाच असेल."

"अजून नाही. पुढच्या रविवारी आहे."

"करून घ्या. तीन वर्षांनी येतो, पुन्हा कधी यायचा!"

"हो ना," मी म्हटलं आणि धोंडा मोडला. फार चांगला झाला होता. मी तिसराही घेतला.

निघताना काकूंनी अनारशांचा डबा पुढे केला. "तेहतिसांच्या वर झालेत थोडे. घेऊन जा."

हीच ती लाच, असं माझ्या मनात आलं. नाही म्हणता येईना, म्हणून घेतला, आणि गाडीत शेजारी बसलेल्या बाईंना डब्यासकट देऊन टाकला. केवढी ती सचोटी! पुण्याला पोहोचेपर्यंत माझी मान ताठ होती.

अहवाल दोन पानांचा झाला. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. कार्यालयं ओस पडलेली आहेत. कर्मचाऱ्यांशी प्रतिनिधीचे घरोब्याचे संबंध आहेत. खरेदीदारांत प्रतिनिधीचा जावई आहे आणि त्याला घाईने घर घ्यायला लावलं गेलं. फ्रिज तेवढा मी गाळला. शेवटी लिहिलं, 'हे आकडे विश्वासार्ह वाटत नाहीत.' केळुसकर साहेबांनी वाचून पाठ थोपटली. दहा दिवसांनी नानांना पत्र गेलं की तुमची सेवा थांबवण्यात येत आहे. कारण दिलेलं नव्हतं.

शनिवारी त्यांचा फोन आला.

"मॅडम, पत्र मिळालं. माझं काही चुकलं का?"

"वरून निर्णय झालाय, नाना. माझ्या हातात नव्हतं." हे मात्र खोटं होतं.

"बरं. सोमवारचा तक्ता मग पाठवायचा नाही ना?"

"नाही."

"बरं बरं. तुमच्या आईंना नमस्कार सांगा. उद्या जाणार होता ना तुम्ही?"

त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं चिंचवडला आईकडे गेलो. ऋषिकेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पाटावर बसवलं, ओवाळलं, वाण दिलं. माझा भाऊ केदार पलीकडे सोफ्यावर लोळत होता. तो सहा महिने रावेतला घर शोधत होता. धंद्यातली बहीण म्हणून मी उगाच विचारायचं म्हणून विचारलं.

"काय रे दादा, टोकन दिलंस का शेवटी?"

तो काही बोलण्याआधी आईच स्वयंपाकघरातून ओरडली. "आत्ता? धोंड्याच्या महिन्यात घराचा व्यवहार करतं का कोणी? काहीतरीच तुझं!"

"मी गेलो होतो गं, अधिक लागायच्या आधी," केदार म्हणाला. "पंधरा ऑगस्टलाच गेलो. तर तिथे ही झुंबड! ज्याला त्याला महिना लागायच्या आत उरकायचं होतं. माझा नंबर येईपर्यंत हवा तो मजला गेला. आता गणपतीनंतरच बघायचं."

माझ्या तोंडात अनारसा होता. उरलेला मी ताटलीत परत ठेवला.

मी अधिक महिना ऐकलेला नव्हता असं थोडंच होतं! आईचे फोन, काकूंचं ओवाळणं, जावयाचं ताट, माझ्या पानातले तीन धोंडे, सगळं त्याच महिन्याचं. 'सध्या कोण येतंय', 'गणपती बसू द्या', 'नंतर महिनाभर बसून राहाल', सगळे मला तेच सांगत होते. मी कर्जाचे दर बघितले, देशाचा आलेख बघितला, फ्रिजचं स्टिकरसुद्धा बघितलं. भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं बघितलं नाही. मला इतकी लाज वाटली की मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. आईला वाटलं, सासरी काही झालं.

सोमवारी सकाळी मी नानांचे तक्ते पुन्हा काढले. अधिक लागायच्या आधीचा डोंगर आणि नंतरची शून्यं एकत्र केली, महिनाअखेरचे दिवस नेहमीसारखे धरले, आणि तीन महिन्यांची बेरीज मारली. गेल्या वर्षीपेक्षा किंचित कमी. म्हणजे देशासारखंच. बाकीच्या शहरांतही हाच डोंगर आणि हीच सपाटी असणार, पण तिथले प्रतिनिधी तीन महिन्यांचा एकच आकडा द्यायचे, त्यात दोन्ही विरघळून जायचं. एकट्या नानांनी आठवड्या-आठवड्याला खरं सांगितलं, म्हणून ते खोटे दिसले.

केळुसकर साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"असेल," ते म्हणाले. "पण अहवाल दिल्लीला गेला. तुझ्या सहीने गेला. आता तूच चुकलीस म्हणून कळवू का? नाशिक तुझ्याकडे यायचंय, विसरू नकोस."

त्यांनी नानांना परत घेतलं नाही. मी दिल्लीला स्वतः पत्र लिहिलं. त्याची पोच आली, उत्तर आलं नाही. नाशिक-खानदेश मात्र मला मिळालं. ते मी घेतलं, हेही सांगून टाकते.

गौरी गेल्यानंतरच्या शनिवारी मी नाशिकला गेले. नाना गणपतीपुढे बसून समईत तेल घालत होते. मला बघून उठले, मी पायातल्या चपला काढायच्या आत काकूंना मोदक आणायला सांगितलं.

"नाना, आधी ऐका," मी उभ्यानेच म्हटलं. "तुमचे आकडे खोटे आहेत असं मीच लिहून दिलं. म्हणून तुमचं काम गेलं."

काकू दारातच थांबल्या. नानांनी तेलाची बुधली खाली ठेवली, हात पुसले.

"खोटे?"

"ऑगस्टमध्ये एवढे, आणि नंतर शून्य. मला वाटलं, घरी बसून भरले."

"मग विचारलं का नाहीत?"

"तुम्ही सावध व्हाल असं वाटलं."

"सावध!" ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. "अहो, तुम्ही इथे बसून धोंडे खाल्लेत."

काकूंनी मोदकांची ताटली माझ्यासमोर ठेवली, पण घ्या म्हणाल्या नाहीत.

नाना आत गेले आणि फाइल घेऊन आले. त्यातून त्यांनी दोन तक्ते काढले. पत्र मिळाल्यानंतरच्या दोन सोमवारांचे. चोवीसच्या चोवीस बांधकामं, तारखेसकट.

"सोमवार आला की घरात बसवत नाही," ते म्हणाले. "पाठवायचे कोणाला ते कळेना, म्हणून ठेवून दिले. मधे खंड पडू नये. तुमच्याकडे लावून घ्याल का?"

मी तक्ते हातात घेतले. पहिल्यावर ओळीने शून्यं होती. दुसऱ्यावर दोन, चार, एक, तीन, असे आकडे पुन्हा सुरू झाले होते. आणि दोन्हींवर शेऱ्याचा रकाना वरपासून खालपर्यंत भरलेला होता. एकेका ओळीसमोर, गोल टपाली अक्षरात, चोवीस वेळा एकच शेरा लिहिला होता. पहिल्या तक्त्यावर, 'अधिक महिना नुकताच संपला. त्या महिन्यात आपल्याकडे घर घेत नाहीत.' दुसऱ्यावर, 'गणपती बसले. लोक परत येऊ लागले.'

"शेऱ्याचं तुम्ही विचारलं होतंत ना, पत्र आल्यावर ते आठवलं. आता लिहीत जातो," नाना म्हणाले. "तुम्हाला माहीत नव्हतं ना."